काय म्हणाला तो?

रविवारची रात्र. जेवणे आटोपली आहेत, मागचे आवरून झाले आहे आणि सारे घर टीव्हीपुढे जमले आहे. सिनेमा रंगात आला आहे. नायकाचे वडील अंथरुणाला खिळले आहेत. मुलाला जवळ बोलावून ते काहीतरी सांगतात आणि नेमक्या त्याच क्षणी कोपऱ्यातल्या खुर्चीतून प्रश्न येतो, "काय म्हणाला तो?"

कोणीतरी सांगते. सांगेपर्यंत पुढचे दोन संवाद निघून जातात. मग रिमोट शोधून आवाज वाढवला जातो. तेवढ्यात पडद्यावरचे वडील जातात, पार्श्वसंगीत कोसळते, भिंतीवरचे कॅलेंडर थरथरते आणि आतल्या खोलीतून ओरड येते, "अरे, हळू करा तो आवाज!" आवाज कमी होतो. पुढचे वाक्य पुन्हा कोणालाच ऐकू येत नाही.

हा प्रसंग आमच्या घरचा. पण ज्यांना ज्यांना तो सांगितला, त्या प्रत्येकाने तो आपल्याच घरचा म्हणून ओळखला.

यावर सोपा निष्कर्ष असा की, आजीचे कान गेले. तो अर्धा खरा असेलही. वय वाढते तसे आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. तेव्हा साठी उलटलेल्या माणसाने एकदा कान तपासून घ्यावेत. चष्म्याची आपल्याला लाज वाटत नाही, मग श्रवणयंत्राची का वाटावी? परंतु आमच्याकडे विशीतला भाचादेखील मराठी सिनेमा खाली इंग्रजी अक्षरे लावून पाहतो. तेव्हा दोष केवळ म्हातारपणाचा नाही, हे मान्य करावे लागते.

दोष आहे टीव्हीच्या अंगकाठीचा. जुना टीव्ही चांगला पोटाळ होता. त्या पोटात स्पीकरला जागा होती. आजचा टीव्ही पाटीसारखा चपटा. त्यातले इवलेसे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. म्हणजे पडद्यावरचा माणूस पाहतो आपल्याकडे आणि बोलतो भिंतीशी. भिंतीवर आणि फरशीवर आपटून परत आलेले त्याचे बोलणे आपण ऐकत असतो.

आता बोलणे म्हणजे काय, तेही पाहू. बोलण्यातला जोर स्वरांत असतो, अर्थ मात्र बराचसा व्यंजनांत. 'ताप', 'साप', 'काप', 'चाप' हे चार शब्द घ्या. 'आ' चौघांतही सारखाच खणखणीत. फरक आहे तो सुरुवातीच्या निमिषभराचा. 'स', 'श', 'त', 'च' यांची ओळख पटते ती मुख्यतः दोन हजार ते आठ हजार हर्ट्झ या पट्ट्यातल्या अगदी क्षीण आवाजांवरून. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या क्षीण आवाजाला झाकून टाकतो, हा आपल्या कानाचा स्वभावच आहे. म्हणून नुसता आवाज वाढवून हा प्रश्न सुटत नाही. घुमारा वाढतो आणि व्यंजने त्यात बुडून जातात.

हे दुखणे घेऊन आपण दुकानात जातो. तिथे एका मोठ्या खोक्यात बसवलेला 'होम थिएटर' नावाचा संच असतो. पाच छोट्या डब्या आणि एक धपधपणारा ठोकळा. विक्रेता अत्यंत तत्पर. तो आपल्याला हेलिकॉप्टर ऐकवतो, स्फोट ऐकवतो, पळणारे डायनासोर ऐकवतो. आपली छाती हादरते आणि आपण प्रभावित होतो. आजवर कोणत्याही विक्रेत्याने मला दोन माणसांचे साधे बोलणे ऐकवलेले नाही आणि कोणा गिऱ्हाइकाने ते मागितल्याचेही मी पाहिलेले नाही. आपण गेलो होतो आजीसाठी आणि परत येतो हेलिकॉप्टर घेऊन.

वॅटचे आकडे हीदेखील अशीच भूल. वाचकांना आठवत असेल, एकेकाळी टू-इन-वनवर 'पीएमपीओ' या नावाखाली हजार-दोन हजार वॅट छापलेले असत. तेवढी वीज त्या यंत्राने कधी खाल्लीच नसती. घरगुती वापराचा एखादा बरा स्पीकर फक्त एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, ८७ डेसिबलपर्यंत आवाज देऊ शकतो. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर शक्ती दुप्पट करून भागत नाही, ती सुमारे दहापट करावी लागते. थोडक्यात, आपल्या हॉलला लागतात मोजके वॅट. कमतरता असते ती त्यांच्या शुद्धतेची.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, घरात होम थिएटर करायचे मनात असेल, तर स्पीकर आपल्या हातांनी बनवावेत. पाच नकोत, सात नकोत. आधी दोन, जमल्यास तीन. आणि ते बनवताना एकच कसोटी डोळ्यांपुढे ठेवावी, ती म्हणजे माणसाचे बोलणे. ते जमले की गाणे आपोआप जमते आणि स्फोटाचेही फारसे अडत नाही.

'बनवावेत' म्हणजे काय, ते आधी सांगतो. गोल पडदा, चुंबक आणि तारेचे वेटोळे मिळून जो भाग होतो, त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. तो घरी बनत नाही, विकतच आणायचा. खालच्या आणि मधल्या स्वरांसाठी साडेसहा इंची वूफर, वरच्या स्वरांसाठी एक इंची ट्विटर. आपण बनवायची ती पेटी आणि आवाजाची वाटणी करणारी छोटी जुळणी, जिला क्रॉसओव्हर म्हणतात. स्पीकरच्या बऱ्यावाईटाचा मोठा भाग या दोन गोष्टींत आणि तो खोलीत कुठे ठेवला, या तिसऱ्या गोष्टीत असतो.

यात काही गुप्त विद्या नाही. आज आपण वापरतो त्या धर्तीचा स्पीकर अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडला. म्हणजे मूळ कल्पना शंभर वर्षांची झाली. पुढे १९५४ साली एडगर विल्चर यांनी हवाबंद लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. पेटीत कोंडलेली हवाच पडद्याला स्प्रिंगसारखी सावरून धरते, ही त्यांची युक्ती. या विल्चर यांच्याबद्दल मला विशेष आदर वाटतो. स्पीकरच्या धंद्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी श्रवणयंत्रांवर संशोधन केले. कमी ऐकू येणाऱ्याला बारीक आवाज ऐकू यावेत आणि मोठे आवाज बोचू नयेत, यासाठी त्यांनी शोधलेली पद्धत त्यांनी पेटंट न घेता जगाला खुली केली. कोपऱ्यातल्या खुर्चीची काळजी करणारा हा तंत्रज्ञ.

पेटी केवढी करायची, हे मात्र बराच काळ अंदाजपंचे चाले. ऑस्ट्रेलियातले अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि त्यानंतर सत्तरच्या दशकाच्या आरंभी सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी त्याला गणितात बसवले. आता चांगल्या ड्रायव्हरसोबत तीन आकडे छापून येतात. पहिला, पडदा मोकळ्या हवेत स्वतःहून किती वेगाने थरथरतो. दुसरा, ती थरथर किती लवकर शमते. तिसरा, पडद्याच्या लवचिकतेची बरोबरी किती लिटर हवा करील. एवढ्या भांडवलावर पेटीचे माप निघते.

समजा, आपल्या वूफरचे हे आकडे अनुक्रमे ४० हर्ट्झ, ०.३८ आणि २८ लिटर आहेत. हवाबंद पेटीत खर्ज फुगूही नये आणि लवकर गळूही नये, यासाठी ०.७०७ हा आकडा धरतात. त्याला ०.३८ ने भागा, १.८६ येतात. त्याचा वर्ग ३.४६. त्यातून एक वजा करा, राहिले २.४६. आता २८ ला २.४६ ने भागा. उत्तर ११.४ लिटर. ही झाली पेटी. आणि ४० ला १.८६ ने गुणले की ७४ येतात. म्हणजे हा स्पीकर साधारण ७४ हर्ट्झपर्यंत नीट उतरेल आणि त्याखाली हळूहळू गळत जाईल. आतून १८ सेंटिमीटर रुंद, २२ खोल आणि ३० उंच पेटी केली, तर पावणेबारा लिटरच्या थोडी वर जागा मिळते. ड्रायव्हर आणि आतली आडवी पट्टी यांची जागा वजा जाता आपले माप बसले. हे सारे गणित नववीतल्या मुलीने वहीच्या मागच्या पानावर केलेले मी पाहिले आहे. वर्गमूळ-वर्ग कशासाठी शिकायचे, हा तिचा प्रश्न त्या दिवसापासून बंद झाला.

आता पेटी. इथे आपली एक समजूत आड येते. आपल्या कानांवर संस्कार आहेत ते तंबोऱ्याचे. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथले कारागीर भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंत जो जीव ओततात, तो एवढ्याचसाठी की वाद्य घुमावे, तारेच्या सुरात भोपळ्याने आपला सूर मिसळावा. त्यामुळे लाकडी पेटी म्हटली की ती घुमलीच पाहिजे, असे आपण धरून चालतो. स्पीकरचे नेमके उलट आहे. तंबोरा हे वाद्य आहे, स्पीकर हे वाद्य नाही. त्याच्या पेटीला स्वतःचा सूर असता कामा नये. तंबोरा रेकॉर्डिंगमध्ये घुमून झालेलाच आहे. आता पेटीही घुमू लागली, तर एका भोपळ्यावर दुसरा भोपळा बसेल. बाजारातल्या अनेक संचांचा 'भारदस्त आवाज' म्हणजे खरे पाहता त्या खोक्याचा आवाज असतो. सिनेमा कोणताही लावा, खोके तेच बोलते.

म्हणून फळी जाड आणि जड हवी. १८ मिलिमीटरचे चांगले प्लायवूड घ्यावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमटपणा शोषून फुगणारे साधे एमडीएफ टाळलेले बरे. घ्यायचेच झाले, तर सर्व कडा रंगाने नीट बंद कराव्यात. सरळ कापणी घरी होत नाही. ती सुताराकडून किंवा प्लायवूडच्या दुकानातून यंत्रावर करून आणावी. आमचे सुतारकाका सुताच्या हिशेबाने चालणारे. त्यांना मिलिमीटर सांगितले की ते मनातल्या मनात त्याची सुते करतात आणि तरीही सांधा असा बसवतात की, त्यात पोस्टकार्ड जाणार नाही. सांध्यांना भरपूर फेव्हिकॉल, आत एक आडवी पट्टी आणि उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरलेला. पेटी तयार झाली की बोटाच्या पेराने ठोकून पाहावी. 'ढब्' आवाज आला, तर आणखी एक पट्टी लावावी. 'टक्' आला, की झाले. वूफर बसवल्यावर पडदा हलक्या हाताने सारखा दाबून सोडावा. तो सावकाश मागे आला, तर पेटी हवाबंद. पटकन उसळला, तर कुठेतरी फट आहे.

क्रॉसओव्हरचे कामही कळायला सोपे आहे. जाडजूड वूफरला बारीक स्वर झेपत नाहीत आणि नाजूक ट्विटरला खर्ज दिला, तर तो जळतो. म्हणून ज्याचे त्याला वाटून द्यायचे. तारेचे वेटोळे वरचे स्वर अडवते, कपॅसिटर खालचे अडवतो. आठ ओहमचे ड्रायव्हर आणि २५०० हर्ट्झ ही हद्द धरली, तर लिंक्विट्झ आणि रायली या दोन अभियंत्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीच्या साध्या रूपात प्रत्येक बाजूला सुमारे १ मिलिहेन्रीचे वेटोळे आणि ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. मात्र हा केवळ आरंभ समजावा. प्रत्यक्ष ड्रायव्हरचे ओहम स्वरागणिक बदलतात, त्यामुळे पुस्तकातले उत्तर जसेच्या तसे लागू पडत नाही. पहिल्या खेपेस जाणत्या माणसाने मोजून-तपासून प्रसिद्ध केलेला आराखडा घ्यावा आणि त्यातले ड्रायव्हर, पेटीची मापे, जुळणी यांत काही बदलू नये. स्वतःची अक्कल दुसऱ्या जोडीसाठी राखून ठेवावी.

मी ती पहिल्याच जोडीत चालवली. जुळणी झाली, डाग दिले गेले, मोठ्या अपेक्षेने सिनेमा लावला. आई पाच मिनिटे ऐकून म्हणाली, "माणसं पडद्याच्या मागे उभी राहून बोलतायत." मी तिला समजावले की, तिला सवय नाही. दोन दिवस मी सर्वांना असेच समजावत होतो. अखेर मुलीने वही उघडून विचारले, "बाबा, या पद्धतीत ट्विटरच्या तारा उलट जोडायच्या असं इथे लिहिलंय. तुम्ही जोडल्या का?" मी जोडल्या नव्हत्या. त्यामुळे हद्दीवर, २५०० हर्ट्झपाशी, वूफर पुढे येताना ट्विटर मागे जात होता आणि दोघे मिळून एकमेकांचा आवाज पुसून टाकत होते. नेमका व्यंजनांचा पट्टा! दोन तारांची अदलाबदल केली आणि माणसे पडद्यापुढे आली. आईला हर्ट्झ ठाऊक नाही, पण खोट तिने पहिल्या पाच मिनिटांत सांगितली होती. ऐकले नाही ते मीच.

या प्रसंगाने मला जे शिकवले, ते दहा दुकाने हिंडून कळले नसते. विकत आणलेल्या खोक्याबाबत आपल्यापुढे दोनच वाटा असतात, आवडले म्हणणे किंवा बदलून मागणे. स्वतः केलेल्या वस्तूबाबत 'का?' असा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर स्क्रूड्रायव्हर घेऊन शोधता येते. आज तर मदतीला साधनेही आहेत. मोजणीचा माइक संगणकाला जोडून 'रूम ईक्यू विझार्ड'सारखी मोफत प्रणाली चालवली की, आपल्या खोलीतल्या आवाजाचा आलेख समोर उमटतो. पूर्वी हे प्रयोगशाळेतच शक्य होते. तरीही शेवटचा निकाल खुर्चीतल्या माणसाचा, आलेखाचा नव्हे.

आता होम थिएटरकडे येऊ. पाच स्पीकर असलेल्या मांडणीत सर्वांत महत्त्वाचा कोणता? मागचे नव्हेत, धपधपणारा ठोकळाही नव्हे, तर टीव्हीच्या मध्यभागी असलेला. सिनेमातले बहुतेक संवाद त्यातून येतात. दोनच स्पीकर असले तरी बोलणे मधोमध आल्यासारखे वाटते, पण ते बरोबर मध्ये बसणाऱ्याला. आपल्या घरात मधली जागा कर्त्या पुरुषाची किंवा नातवंडांची. आजीची खुर्ची कोपऱ्यात. तिच्यासाठी तिसरा, मधला स्पीकर हवा आणि तो बाकीच्या दोघांसारखाच हवा. नाहीतर पात्र पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाताना त्याचा आवाज वाटेत बदलतो. बाजारात हा मधला स्पीकर जागेच्या सोयीसाठी आडवा करतात. दोन वूफर शेजारी-शेजारी असलेल्या अशा आडव्या पेटीत बाजूला बसणाऱ्याच्या कानी दोघांचे आवाज मागे-पुढे पोचतात आणि मधल्या पट्टीत खळगे पडतात. पुन्हा कोपऱ्यावरच अन्याय! घरी बनवताना तो उभाच करावा, टीव्हीच्या खाली ठेवावा आणि ऐकणाऱ्याच्या कानाच्या रोखाने किंचित वर कलवावा. तीन स्पीकरना स्वतंत्र आवाज देणारा रिसीव्हर मात्र लागतो. तो तयारच घ्यावा आणि २३० व्होल्टची कोणतीही वस्तू उघडण्याच्या फंदात पडू नये. स्पीकरच्या पेटीत घरची वीज येत नाही, म्हणून तर हे काम मुलांना बरोबर घेऊन करता येते. डाग देताना तापलेल्या सोल्डरिंग आयर्नपाशी मोठे माणूस असावे आणि लाकूड घासताना सर्वांनी नाकाला मुखपट्टी लावावी, एवढे पाळले की पुरे.

राहिली खोली. पंधरा फूट लांब आणि दहा फूट रुंद हॉल घ्या. त्याला स्वतःचे सूर असतात. लांबीचा सुमारे ३८ हर्ट्झ, रुंदीचा सुमारे ५६. खर्जात ते सूर आले की खोली साथ देऊ लागते, विशेषतः भिंतीलगत. आपल्याकडे सोफा नेहमी भिंतीला चिकटून असतो. तो फूट-दीड फूट पुढे ओढला आणि स्पीकर कोपऱ्यांतून बाहेर काढले, तर फुकटात निम्मा घुमारा जातो. हॉलच्या मधोमध उभे राहून टाळी वाजवून पाहा. झण्णकन उत्तर आले, तर टाइल्स आणि भिंती बोलत आहेत. त्यावर महागडे उपाय नकोत. जाड पडदा, खाली सतरंजी, एका भिंतीला पुस्तकांचे कपाट आणि मागच्या भिंतीवर आजीच्याच हातची एखादी गोधडी. चार थरांच्या त्या गोधडीने आमच्या हॉलमध्ये जे केले, ते कोणत्याही बटणाने झाले नसते.

आणि तो खर्जाचा ठोकळा, सबवूफर? तो सर्वांत शेवटी घ्यावा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने तर दहादा विचार करून. साधारण ८० हर्ट्झच्या खालचे स्वर त्याच्याकडे सोपवले, तर आपल्या पेट्यांचे काम हलके होते, हे खरे. पण बारीक स्वर भिंतीपाशी थांबतात, खर्ज स्लॅबमधून थेट खालच्या घरात उतरतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. नियम बाजूला ठेवला, तरी खालच्या मजल्यावरही एखादी आजी असतेच. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरना नावे ठेवणाऱ्यांनी स्वतःच्या हॉलमध्ये त्यांचीच धाकटी आवृत्ती मांडू नये.

या सगळ्यावर आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला पैशांचा. घरी केले म्हणजे स्वस्तात झाले, असे मी म्हणणार नाही. पहिल्या जोडीत चुका होतात, लाकूड वाया जाते, हत्यारे घ्यावी लागतात. सगळा हिशेब केला, तर दुकानातल्या बऱ्या जोडीइतका खर्च होऊ शकतो. मात्र तो पैसा ड्रायव्हरवर आणि लाकडावर गेलेला असतो, खोक्यावरच्या चित्रावर आणि जाहिरातीवर नव्हे. दुसरा आक्षेप वेळेचा. चार-पाच रविवार जातात, हॉलभर भुसा होतो आणि घरातली शांतता काही काळ धोक्यात येते. हे खरे आहे. तिसरा आक्षेप असा की, चांगल्या कंपन्या चांगले स्पीकर बनवतातच की! बनवतात. ज्याला परवडते आणि ज्याला कानाने निवड करता येते, त्याने ते खुशाल घ्यावेत. अडचण त्या दुसऱ्या अटीची आहे. कानाने निवड करायला आपण शिकतो कुठे?

पूर्वी शिकण्याची एक वाट होती. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर. तिथून सुटे भाग आणून रेडिओ आणि अॅम्प्लिफायर जुळवणारी मुले जवळपास प्रत्येक आळीत एखाद-दुसरी तरी असत. त्यांतली सगळी काही अभियंते झाली नाहीत. पण वस्तूच्या आत काय असते, ती का बिघडते आणि कशी दुरुस्त होते, हे त्यांना ठाऊक होते. त्यामुळे विक्रेत्यापुढे ती दबत नसत. आजच्या वस्तूंना स्क्रूदेखील दिसत नाहीत. आतला एक भाग बिघडला की, सबंध वस्तू भंगारात जाते. घरी केलेल्या स्पीकरचे तसे नाही. दहा-पंधरा वर्षांनी वूफरच्या पडद्याची फोमची कड दमट हवेने सडली, तर ती बदलून मिळते. ट्विटर गेला, तर त्याच जातीचा दुसरा बसतो. पेटी तर आपल्या मागेही राहील.

परंतु मला काळजी वाटते ती याहून जवळच्या गोष्टीची. संवाद ऐकू येत नाहीत, मोठा आवाज सोसत नाही, म्हणून घरातले एकेक माणूस टीव्हीपुढून उठते. भाचा कानांत इअरफोन घालून आपल्या फोनवर तोच सिनेमा पाहतो. बाबा आतल्या खोलीत बातम्या लावतात. हॉलमध्ये उरते आजी, जिला काही कळत नाही आणि जिचा प्रश्न ऐकायला आता शेजारी कोणी नाही. एकत्र बसून काही पाहणे, ते पाहताना एकदम हसणे, एकदम गप्प होणे, हे घराचे घरपण आहे. ते टिकायचे तर कोपऱ्यातल्या खुर्चीपर्यंत शब्द पोचला पाहिजे. तो पोचवण्यासाठी अकरा-बारा लिटरच्या तीन पेट्या, थोडे गणित आणि चार रविवार लागत असतील, तर हा सौदा मला महाग वाटत नाही.

आमच्याकडे आता तीन पेट्या उभ्या आहेत. एकीची कड थोडी वाकडी कापली गेली आहे. ती भिंतीकडे फिरवून ठेवली आहे. सबवूफर आलेला नाही, येईल असे वाटतही नाही. गेल्या रविवारी सगळे जमलो होतो. सिनेमा नवा होता. दोन तास कोपऱ्यातून एकदाही प्रश्न आला नाही. मला मनातून फार बरे वाटत होते. शेवटची नावे सरकू लागली, तेव्हा मी मुद्दाम विचारले, "काय आई, नीट ऐकू आलं ना सगळं?"

"आलं की, शब्दन् शब्द आला," आई खुर्चीतून उठत म्हणाली. "पण बोलतात काय रे हे लोक!"